कोल्हापुरात भावकी, इथं पगाराची स्लिप

परदेशी मुलीशी किंवा मुलाशी लग्न ठरलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न जेवणाचा निघतो. तांबडा-पांढरा झेपंल का तिला? दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून: 'त्यांच्यात धर्म कुठला म्हणं?' तिसरा कुणी तोंडानं विचारत नाही, पण घरभर तोच असतो: टिकंल का? इंग्लंडमध्ये यातलं एक अक्षर कुणी विचारत नाही. इथं विचारतात ते असं: पगार किती, सहा महिन्यांच्या स्लिपा कुठायत, आणि तुम्ही दोघं खरंच एकमेकांचे आहात याला पुरावा काय?

महाराष्ट्रातली चर्चा मात्र दुसऱ्याच प्रश्नाभोवती अडली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली, टीका होताच काही दिवसांत 'आंतरजातीय' शब्द गाळला आणि 'आंतरधर्मीय' तेवढा ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली. गंमत अशी की मँचेस्टरची ख्रिस्ती सून आली की अशा समित्यांना टाळ्या वाजवणारी मंडळीच तिला नऊवारी नेसवून रंकाळ्यावर फोटो काढतात. पलीकडच्या गल्लीतली परधर्माची मुलगी आली तर पोलीस चौकी. कायद्याच्या लेखी दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत, आणि त्या रांगेचं नाव विशेष विवाह कायदा, १९५४.

इथंच पहिली चूक होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागायला दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असावे लागतात. जोडीदार ख्रिस्ती असेल, धर्म बदललेला नसेल आणि मांडवात सप्तपदी झाली, तर ते लग्न या कायद्याखाली वैध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हिंदू-ख्रिस्ती जोडप्याच्या प्रकरणात हेच सांगितलं. ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा नोंदणी दाखला हातात असला तरी उपयोग नाही, कारण नोंदणी ही झालेल्या लग्नाची असते, नोंदणीनं लग्न होत नाही. उलट बाजूनंही तेच. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विधी न करता नुसता दाखला काढलेलं एक हिंदू लग्न अवैध ठरवलं, आणि व्हिसासाठी म्हणून आधी दाखला काढून ठेवायच्या पद्धतीवर बोट ठेवलं. 'आधी कागद करून ठेवू, मांडव दिवाळीत घालू' हा आपल्याकडचा लाडका तोडगा हिंदू विवाह कायद्याखाली चालत नाही. विशेष विवाहात चालतो, कारण तिथं विवाह अधिकाऱ्यासमोर जे होतं तेच लग्न.

एके काळी हा मार्ग खुला नव्हता. १९२८ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, तेव्हा तिला आधी नाशिकला हिंदू धर्माची दीक्षा घ्यावी लागली, शर्मिष्ठादेवी व्हावं लागलं. दीक्षा दिली ती आपल्याच करवीर पीठाच्या शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी. आज धर्म न बदलता लग्न करता येतं. त्याची किंमत आहे तीस दिवस.

हे तीस दिवस दोनदा मोजायचे असतात, आणि रजेचं गणित चुकतं ते यातच. विवाह अधिकाऱ्याकडं लग्नाची नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मुलगी कोल्हापुरातच राहत असेल तर प्रश्न मिटला. पण दोघंही परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर येणार असतील तर नोटीसच देता येत नाही, मग हॉल बुक असो नाहीतर पत्रिका छापलेल्या असोत. नोटीस लागल्यावर पुन्हा तीस दिवस हरकतींसाठी. लग्न मात्र नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत व्हावं लागतं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. म्हणजे हातात साधारण दोन महिने उरतात. एक जण जिल्ह्यातच राहत असेल तर परदेशातल्याच्या दोन फेऱ्यांत हे बसतं: एका फेरीत नोटीस, दुसरीत लग्न. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघांवर भागेल असं समजून आलेले तिसऱ्यासाठी ऑफिसबाहेर धावाधाव करताना दिसतात. परदेशी जोडीदाराचा पासपोर्ट, व्हिसा आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो. घटस्फोटित असेल तर अंतिम हुकूमनामा, विधवा किंवा विधुर असेल तर मृत्यूचा दाखला. हे कागद त्याच्या देशातून यायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाआधी ते हातात हवेत.

भावकीपासून लपायला मुंबईत खोली घेऊन महिना काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ज्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, त्याच्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटिशीची प्रत जाते आणि तिथंही लागते. मुंबईतली नोटीस कोल्हापुरात पोचतेच. हरकत मात्र कुणालाही कशाहीसाठी घेता येत नाही. वय (मुलगा २१, मुलगी १८), आधीचं लग्न, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं, एवढीच कारणं. 'घरच्यांना पसंत नाही' ही हरकत नव्हे. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला अधिकारी खर्चापोटी दंड लावू शकतो, तो जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५४ साली ही रक्कम जरब बसवणारी असेल. आज तेवढ्यात चार माणसांचं मटण-ताट होत नाही.

ही नोटीस रद्द व्हावी अशी मागणी आपल्याकडं जुनी आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये ती लावायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. मागणी रास्त आहे, पण तिच्यासोबत एक वाक्य हमखास येतं: 'परदेशात असलं काही नसतं.' असतं. इंग्लंड आणि वेल्समध्येही लग्नाआधी नोटीस द्यावी लागते आणि ती रजिस्टर ऑफिसात २८ दिवस सगळ्यांना दिसेल अशी लावतात. दोघांपैकी एक जण परदेशी असेल आणि लग्न बनावट वाटलं, तर सरकार ती मुदत ७० दिवसांपर्यंत ताणतं. फरक एवढाच की इथली नोटीस वाचायला कुणाचा चुलता येत नाही. कोल्हापुरात ती वाचली जाते, फोटो काढून ग्रुपवर टाकली जाते, आणि संध्याकाळपर्यंत गडहिंग्लजचा मामा गाडीत बसलेला असतो. म्हणून तिकडची नोटीस घातक आहे आणि इकडची निरुपद्रवी. कागदात फारसा फरक नाही.

आता ब्रिटिश नागरिकाशी लग्न झालं आणि स्पाउस व्हिसाचा अर्ज करायचा आहे असं धरू. (कोल्हापूरचा मुलगा स्वतःच वर्क व्हिसावर असेल तर त्याची बायको बहुतेकदा डिपेंडंट म्हणून येऊ शकते, तो वेगळा अर्ज, त्याला पुढची उत्पन्नाची अट नाही. हे दोन्ही सर्रास एकात एक केले जातात.)

अट अशी: ब्रिटनमधल्या जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड. ११ एप्रिल २०२४ च्या आधी हा आकडा १८,६०० होता, एका उडीत तो इतका वर गेला. भारतातून अर्ज करणाऱ्याचा भारतातला पगार यात धरत नाहीत. शिरोलीतली फाउंड्री, वीस एकर ऊस, सासऱ्यांची पेन्शन, काहीही नाही. उत्पन्न शून्य असेल तर बचत दाखवता येते, पण ती ८८,५०० पौंड, म्हणजे कोटीच्या घरात, आणि दोघांपैकी कुणाच्या तरी ताब्यात सहा महिने असलेली. वडिलांनी भेट दिलेली चालते, उसनी आणलेली चालत नाही.

नोकरदाराला सहा महिन्यांच्या स्लिपा, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र द्यावं लागतं. स्लिपेवरची हाती पडणारी रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. हिशोब सहा महिन्यांतल्या सगळ्यात कमी पगारावर होतो. लग्नासाठी म्हणून महिनाभर बिनपगारी रजा घेऊन कोल्हापूर गाठलेल्या नवऱ्याची केस नेमकी त्या महिन्यापाशी अडू शकते. सहा महिन्यांत नोकरी बदलली असेल तर मागच्या बारा महिन्यांचा हिशोब मागतात. आणि यातला सगळ्यात अलीकडचा कागद अर्जाच्या तारखेला २८ दिवसांपेक्षा जुना नको.

पुष्कळ माणसं अडतात ती नात्याच्या पुराव्यापाशी, आणि त्याचं मूळ कोल्हापुरात आहे. चार वर्षं प्रेम लपवायचं, म्हणजे चार वर्षं पुरावा पुसायचा. चॅट डिलीट, फोटो एकत्र नाही, फोनमध्ये त्याचं नाव 'कविता ऑफिस'. ताई-दादांनी फोन तपासला तर काही सापडू नये म्हणून जे जे केलं, तेच व्हिसा अधिकाऱ्याला सापडत नाही. त्याच्या टेबलावर येतो तो लग्नाचा अल्बम: दोनशे पाहुणे, नवरा-नवरी मधोमध, आणि त्याआधीचं काहीच नाही. घाईत केलेलं लग्न जसं दिसेल तसंच ते दिसतं. म्हणून लपवायचं तर घरापासून लपवा, पण जपून ठेवा. दर महिन्यातली दोन-चार संभाषणं तारखेसकट, व्हिडिओ कॉलच्या नोंदी, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के. पाचशे पानांचा गठ्ठा कुणी वाचत नाही. पहिल्या भेटीपासून लग्नापर्यंत सगळे महिने झाकणारी थोडी पानं पुरतात. फोटो दहा-पंधरा, खाली तारीख, जागा आणि कोण कोणाचं कोण. अॅरेंज्ड मॅरेज असलं तरी चालतं, फक्त दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं निवेदन.

इंग्रजी ए-वन पातळीचं लागतं, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचं. शिवाजी विद्यापीठाची इंग्रजी माध्यमातली पदवी असेल तर ब्रिटनच्या एक्टिस या संस्थेकडून ती पडताळून परीक्षा टाळता येते. मराठी माध्यमातल्या बी.ए.ला परीक्षा द्यावीच लागते. क्षयरोगाची तपासणी ब्रिटननं मान्य केलेल्या केंद्रातच. राजारामपुरीतल्या ओळखीच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी कामाचा नाही.

खर्च, एप्रिल २०२५ च्या दरानं: अर्जाची फी १,९३८ पौंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो आणि अधिभार तीन वर्षांचा धरतात, म्हणजे ३,१०५. नकार आला तर अधिभार परत मिळतो, फी नाही.

कोल्हापुरात या सगळ्याची चर्चा होत नाही. आणखी एक गोष्ट आहे जिची चर्चा व्हायला हवी, कारण ती थेट जमिनीशी निगडित आहे. एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलानं ख्रिस्ती किंवा मुस्लिम जोडीदाराशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की कलम १९ प्रमाणे तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात, आणि त्याच्या मागचा वारसा भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे चालतो. दोघंही हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीमुळं हे लागत नाही. विभक्त होणं म्हणजे हिस्सा जाणं नव्हे. हिस्सा त्याचाच राहतो. पण 'बाटला, आता त्याचा सातबाऱ्याशी संबंध संपला' असं सांगून सही घेणारे काका प्रत्येक भावकीत एखादे असतात. सही करायच्या आधी वकिलाला विचारा.

आणि परदेशी सून कोल्हापुरातच राहायला आली तर: एंट्री व्हिसा, दीर्घ मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) नोंदणी, ज्याचं काम जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं असतं. लग्न नोंदवून दोन वर्षं सलग टिकलं की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज. घटस्फोट झाला तर तो हक्क जातो. आणि ओसीआय मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, मग ती पन्हाळ्याच्या पायथ्याची असो की कागलची.