मशीनची सुई दातात तुटली की दात गेला? छे!

"रूट कॅनल मशीनने करू नका, मशीनची सुई दातात तुटते, तुटली की दात काढावाच लागतो, हाताने केलेलंच सेफ." हा फॉरवर्ड परत फिरतोय, आणि दिवसभर हेच काम करत असल्यामुळे गप्प बसवत नाहीये.

हाताची फाईल, म्हणजे मुळातली नळी घासून साफ करायची ती सुई, तुटत नाही हे कुणी सांगितलं? तुटते की. फक्त ती सहसा स्टीलची असते आणि तुटायच्या आधी बऱ्याचदा दाखवते, तिचे पीळ उलगडतात, मध्येच एखादी जागा चमकायला लागते, दिसलं की फेकायची. मशीनची निकेल-टायटॅनियमची असते आणि ती कधीकधी काहीच न दाखवता कट्कन जाते, म्हणजे फॉरवर्डमध्ये एवढं तरी खरं आहे.

पण ती तुटते कशामुळे? एक तर टोक अरुंद जागेत अडकतं आणि मोटर वरून फिरवतच राहते. यासाठी मोटरला टॉर्कची, म्हणजे पिळण्याच्या जोराची, लिमिट लावतात, साधारण २-३ न्यूटन-सेंटिमीटर, ती ओलांडली की फाईल थांबते किंवा उलटी फिरून बाहेर येते. दुसरं कारण जास्त बेरकी. वाकड्या मुळात फाईल फिरताना प्रत्येक फेरीत तीच जागा एकदा ताणली जाते एकदा दाबली जाते, ३०० आरपीएमला मिनिटात ३०० वेळा, तार इकडेतिकडे वाकवून तोडतो ना तसंच, आणि इथे टॉर्कची लिमिट काही कामाची नाही. इथे मुळाचं वळण किती, ती फाईल आधी किती दातांत वापरली आणि डॉक्टर एकाच जागी दाबून किती वेळ थांबला एवढंच चालतं, दोष मशीनला देऊन काय उपयोग.

आणि हात की मशीन हे भांडणच मुळात चुकीचं, कारण आधी हाताने १० नंबरची बारीक फाईल शेवटपर्यंत नेऊन वाट करायची आणि मगच मोटर लावायची, एकाच दातात दोन्ही. जाड स्टीलची फाईल वळणात सरळ व्हायला बघते, भिंतीत खाच पाडते, म्हणून तर १९८८ मध्ये या लवचिक निकेल-टायटॅनियमच्या फाईलचा पहिला प्रयोग आला.

आता "दात गेला". तुकडा स्वतः सडत नाही हो, अडचण ही की त्याच्या पलीकडचे जंतू तसेच राहू शकतात. सफाई होत आल्यावर मुळाच्या टोकाशी फाईल तुटली आणि मुळाशी इन्फेक्शन नव्हतं तर बहुतेक वेळा दात छान चालतो. सुरुवातीलाच तुटली आणि खाली पू असेल तर मात्र काळजी. मग तुकड्याच्या बाजूने वाट काढतात, किंवा मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिकच्या बारीक कंपनांनी सैल करून काढतात, नाहीच जमलं तर मुळाच्या टोकाची छोटी सर्जरी. पण काढायच्या हट्टापायी मूळ कोरून पातळ केलं तर पुढे तेच चिरतं, त्यामुळे कधीकधी तुकडा आत ठेवून वरचं नीट भरणं आणि नंतर एक्स-रे काढत राहणं हाच शहाणपणा असतो, याला हलगर्जीपणा म्हणत नाहीत.

हलगर्जीपणा म्हणजे तुटल्यावर पेशंटला न सांगणं. एक्स-रेवर तुकडा दाखवायचा, कुठे आहे, आता काय करणार, सगळं त्याच सिटिंगला सांगायचं, आणि कुणी लपवलं तर बिनधास्त भांडा, माझा पाठिंबा.