दोन स्टेपन्या, तीस पीएसआय आणि जॅक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. पहिला, वाळवंटी शर्यतीच्या ट्रकवर दोन स्टेपन्या लादणं म्हणजे शंभर किलोचा भुर्दंड. एक स्टेपनी आणि पंक्चर किट पुरे. दुसरा, वाळूत हवा १५ पीएसआयवर (पीएसआय हे टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) आणतात हे सगळ्यांना ठाऊक असताना माझ्या लेखात ३० च्या आसपासचा आकडा का? तिसरा, जॅक आणि चाक बदलण्याच्या सरावावर एवढं पाल्हाळ कशाला, ते तर कुणालाही येतं. शेवटी एक प्रश्नही विचारलात, त्याकडे शेवटीच येतो.

वजनाचा तुमचा आकडा थोडा कमीच आहे. ३७ इंची टायर, १७ इंची रिम आणि बीडलॉकची, म्हणजे टायर रिमला धरून ठेवणारी, कडी धरून एक चाक ५० ते ६० किलो भरतं. दोन मिळून ११० धरा. पण किट कोणत्या जखमेवर चालतं ते बघा. रबराची पट्टी ट्रेडमधल्या (टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या) काट्याखिळ्याच्या भोकासाठी असते. वाळवंटात टायर बहुतेक वेळा जातो तो साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, चिरून. अर्धा गाडलेला दगड वेगात लागतो, रिम आणि दगड यांच्यात रबर चिमटतं आणि बोटभर चीर पडते. साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यामुळे तिथे घातलेली पट्टी टिकत नाही. त्यातून पुढच्या चाकाला नडलेला दगड त्याच बाजूच्या मागच्या चाकाच्या वाटेत असतोच. एका दगडात दोन टायर गेले की एक स्टेपनी असून नसल्यासारखी. मेक्सिकोत १९६७ पासून चाललेल्या बाहा १००० या वाळवंटी शर्यतीत ट्रॉफी ट्रकच्या (खास अशा शर्यतींसाठी बांधलेल्या ट्रकच्या) मागे बहुधा दोन चाकं बांधलेली दिसतात, ती हौस म्हणून नाही. ५०-६० किलोमीटरचा लूप आणि दर फेरीला पिट (दुरुस्तीचा थांबा) असेल, तर मात्र एकच न्या. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

वजन किती यापेक्षा ते कुठे बांधलंय यावर खरा वाद व्हायला हवा होता. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३ मीटर आणि स्टेपन्यांचा मध्य मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे असेल, तर ११० किलोमुळे पुढचा भार ३७ किलोंनी हलका होतो आणि मागच्या ॲक्सलवर १४७ किलो पडतात. तेच ओझं ॲक्सलच्या बरोबर वर आणलं की पुढच्या चाकांची पकड जागेवर राहते. शॉक ॲब्सॉर्बरची जुळणी दोन्ही स्टेपन्या बांधून आणि टाकी भरून करा. २०० लिटर पेट्रोल म्हणजेच दीडशे किलो. रिकाम्या गाडीवर जुळवलेले मागचे शॉक शर्यतीत पहिल्याच खड्ड्यात तळाला टेकतात.

बांधणीत नेहमी फसतं ते असं: पट्टा टायरवरून आवळतात. स्टेपनीची हवा थोडी उतरली की पट्टा ढिला, मग चाक हलतं, मग चेसिसच्या नळीवर घासून साइडवॉल वापरायच्या आधीच संपते. म्हणून चाक रिमच्या मधल्या भोकातून स्क्रू-क्लॅम्पने आवळा आणि पट्टा फक्त दुसरा आधार म्हणून ठेवा. रिमवर आवळलेल्या क्लॅम्पला फाटका टायरही तितकाच घट्ट बसतो. तेही हवंच, कारण काढलेलं चाक परत तिथेच बांधायचं असतं. व्हॉल्व्हचं तोंड बाहेर ठेवा, म्हणजे क्लॅम्प न सोडता हवा मोजता येईल. सायलेन्सरची नळी जवळून जात असेल तर मध्ये पत्रा हवा.

आता हवा. संथपणे टेकड्या चढायच्या असतील तर १५ पीएसआय योग्यच आहे; टायर पसरतो, गाडी रुतत नाही. पण वाळवंटी शर्यतीचा मार्ग म्हणजे निव्वळ वाळू नसते. कोरड्या नदीचे गोटे, पत्र्यासारखी घट्ट खडबडीत वाट, पिठासारखी माती, सगळं एकाच दिवसात येतं. अडीच टनांचा ट्रक १५ पीएसआयवर १२० च्या वेगाने नेला तर साइडवॉल सतत दुमडते, आतून तापते आणि थर सुटू लागतात. दगडावर रिम टेकते ती वेगळीच. म्हणून अशा ट्रकला थंड असताना २८ ते ३२ पासून सुरुवात करा आणि चाचणीत खाली-वर करा. डकार या वाळवंटी शर्यतीत फोर-बाय-फोर गाड्या २०२१ पर्यंत साधारण ३२ इंची टायरवर धावत. २०२२ पासून टी-१ प्लस वर्गात ३७ इंची आले. मोठ्या टायरमध्ये दगड आणि रिम यांच्यामध्ये हवेची उशी जास्त मिळते, हे त्यामागचं एक कारण. हवा कमी करणं हा पंक्चरवरचा उपाय असता तर हा बदल लागलाच नसता.

मोजमापातली एक गोची: ३० पीएसआयच्या आसपास दर ६ अंशांमागे सुमारे १ पीएसआय वाढतो. पहाटे १५ अंशांत ३० भरलेला टायर दुपारी ४० अंशांत नुसता उभा राहून ३४ दाखवतो. घाबरून हवा सोडलीत तर संध्याकाळी कमी पडते. स्टेपनीत मात्र ४-५ पीएसआय जास्तच भरा. हवा सोडायला दहा सेकंद लागतात, भरायला कंप्रेसर काढावा लागतो.

जॅकबद्दलचं पाल्हाळ मी मागे घेणार नाही. ३७ इंची टायरची हवा गेली की ॲक्सल जमिनीकडे १८ ते २० सेंटिमीटर खाली येतो, वाळूत आणखी. म्हणजे मिटलेला जॅक त्या उरलेल्या फटीत शिरला पाहिजे आणि तिथून त्याने ॲक्सल किमान २३ सेंटिमीटर उचलला पाहिजे, कारण भरलेली स्टेपनी भाराखालच्या टायरपेक्षा उंच असते. चेसिसला जॅक लावलात तर आधी सस्पेन्शन पूर्ण लोंबेपर्यंत उचलावं लागतं. ट्रॉफी ट्रकच्या मागच्या बाजूला ते पाऊण मीटरच्या आसपास जातं. म्हणून जॅक ॲक्सलखाली किंवा खालच्या आर्मखाली, तळाशी किमान फूटभर चौरस फळी. गाडीबरोबर मिळालेला जॅक यातलं काहीच करत नाही. हे सगळं टायरमधली हवा पूर्ण काढून, मऊ वाळूत, हेल्मेट-हातमोजे घालून करून बघा. गॅरेजच्या फरशीवर केलेला सराव उपयोगाचा नाही.

नट सैल होण्याची दोन कारणं जवळपास नेहमीचीच. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि रिम यांच्यात अडकलेली वाळू, आणि नटाच्या बैठकीवरचा रंग. पहिल्यासाठी जॅकसोबत ताठ ब्रश बांधून ठेवा आणि चाक चढवण्याआधी हबचा चेहरा झाडा. दुसऱ्यासाठी नव्या रिमच्या बैठकीवरचा रंग आधीच खरवडा, नाहीतर तो दबून चुरा होतो आणि आवळलेला ताण निघून जातो. स्टडला (नट ज्यावर चढतो त्या बोल्टला) ग्रीस लावून तोच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, दिलात तर स्टड जास्त ताणला जातो, तेही टाळा. बॅटरीगनने नट नुसते बसवा, शेवट टॉर्क पान्याने, आणि पुढच्या पिटवर पुन्हा तपासा. गनची बॅटरी उन्हात दगा देते. लांब दांड्याचा पाना सोबत असू द्या.

तुमचा प्रश्न होता, अर्धा झिजलेला टायर स्टेपनी म्हणून चालेल का. ट्रेड १० मिलिमीटर झिजला की व्यास २० मिलिमीटरने आणि परीघ सुमारे ६३ मिलिमीटरने घटतो. मागे स्पूल किंवा लॉक केलेला डिफरन्शियल असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरत असतील, तर दोन चाकं कायम एकमेकांशी भांडतात: टायर घासतात, शाफ्टवर पीळ येतो. टू-व्हील ड्राइव्ह ट्रकला तो टायर पुढे चालेल. पण फुटला मागचा, तर पुढचं चाक मागे आणि झिजलेलं पुढे, म्हणजे दोनदा जॅक. फोर-बाय-फोरला त्याला जागाच नाही. स्टेपन्या मागच्या चाकांइतक्याच झिजलेल्या ठेवा. चाचणीच्या दिवसांत चारांऐवजी सहा चाकं आलटून पालटून फिरवली की हे आपोआप जमतं, आणि बीडलॉकचे बोल्ट एकदा धावल्यानंतर पुन्हा आवळायची संधीही मिळते.