गुडघ्याला बाशिंग

गेल्या महिन्यात मला ताप आला. तो कधी येणार हे आठ महिने आधीच ठरलं होतं. एक बहुचर्चित गेम ज्या दिवशी येणार, त्याच दिवशी मी आजारी पडणार, असा बेत होता. मग कंपनीने गेम तीन आठवडे पुढे ढकलला, आणि माझा तापही.

एरवी बस दहा मिनिटं उशिरा आली तरी मी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. इथे मात्र म्हणालो, "वेळ घेतायत, म्हणजे काहीतरी जबरदस्त बनवतायत!"

सायबरपंक २०७७ चा इतिहास मला ठाऊक नाही असं नाही. २०१२ मध्ये जाहीर झालेला तो गेम आधी एप्रिल २०२० मध्ये येणार होता. मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, आणि आला एकदाचा १० डिसेंबरला. दर वेळी पिवळ्या चौकोनात एक माफीनामा. तोवर ८० लाखांहून जास्त लोकांनी आगाऊ पैसे भरून टाकले होते. जेमतेम आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, इतका तो अडखळत होता.

हे सगळं पाठ असताना मी प्री-ऑर्डर केली. पूर्वी दुकानातल्या डिस्क संपायच्या, तेव्हा नंबर लावण्यात अर्थ होता. डाउनलोड करायची वस्तू संपणार कशी? पण आगाऊ पैसे भरणाऱ्याला सोनेरी खोगीर मिळणार होतं. घोडा गेममध्ये आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

दोष कंपन्यांना देऊन भागत नाही. त्यांचं निम्मं काम तर आम्हीच फुकटात करतो. जीटीए ५ हा गाजलेला गेम आला २०१३ मध्ये, आणि पुढच्या भागाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये. दीड मिनिटाचा ट्रेलर, २४ तासांत ९ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला! दहा वर्षं तोंड मिटून बसण्याइतकी स्वस्त जाहिरात नाही. ती रिकामी जागा अफवांनी कोण भरतं? आम्हीच. मी स्वतः माझ्या गेमचा ट्रेलर थांबवून थांबवून पाहिला. एका खिडकीतल्या कुंडीवर रात्री दोन वाजता भाच्याशी वाद घातला.

"मामा, ते झाड सुकलंय. म्हणजे गेममध्ये ऋतू बदलतात."

"नाही रे, कुणीतरी मेलंय घरात."

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे प्रत्यक्ष गेममधलं दृश्य नाही.' ते आम्ही दोघांनीही वाचलं नाही.

अखेर तो दिवस उजाडला. ऑफिसला फोन करून खोकलो. डाउनलोड ९९ टक्क्यांवर आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. मग कळलं, पहिल्याच दिवशी एक अपडेट आहे, जवळजवळ गेमएवढंच. दुपारी चारला गेम उघडला. सर्व्हरने सांगितलं, तुमच्यापुढे रांगेत बरेच जण आहेत. तेही बहुतेक सगळे आजारीच असावेत.

आत शिरलो तर आधी आपलं पात्र घडवायचं होतं. नुसत्या नाकाचा आकार ठरवायला स्क्रीनवर सरकवायच्या अकरा पट्ट्या! शेंडा उचलला की नाकपुड्या फुगायच्या, नाकपुड्या आवळल्या की मामला थेट पोपटावर जायचा. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "हे तुमचे काका का?"

मग घोडाही मिळाला. खोगीर मात्र चाळिसाव्या लेव्हलला उघडणार होतं. मी रागारागाने पैसे परत मागायला गेलो. नियम साधा होता: दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच परत.

माझे दोन तास बारा मिनिटं झाली होती. त्यातली बारा घोड्यावर.