‘गल्ली लीग’ आणि ‘खांबासारखा गोलकीपर’: एका फॉरवर्डला उत्तर

काल रात्री साडेअकराला ताईने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ: “हे खरं आहे का रे? तो जेवला नाही.” तो म्हणजे माझा भाचा. नववीत आहे, शाळेच्या हँडबॉल संघाचा गोलकीपर. मेसेजचं शीर्षक ‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’. पालकांच्या तीन ग्रुपांवरून फिरून तो पोराच्याच मोबाइलवर पोचला होता. आधी दुर्लक्ष करणार होतो, पण पोरगं जेवलं नाही म्हटल्यावर लिहायला बसलो.

मेसेजचा सूर असा: हँडबॉल ऑलिंपिकमध्येसुद्धा नाही. युरोपातल्या मोठ्या देशांच्या आपापल्या लीग आहेत. कुणी विचारत नाही अशा देशांच्या क्लबांनी मिळून ‘सेहा’ नावाची गल्ली लीग काढली. 2016-17 मध्ये ती मॅसेडोनियाच्या वार्दारने जिंकली, तीही पैशाच्या जोरावर. आणि सामन्यात पन्नास-पन्नास गोल होतात, म्हणजे गोलकीपर नुसता खांब.

ऑलिंपिकचं एका ओळीत: पुरुषांचं हँडबॉल 1972 च्या म्युनिकपासून सलग आहे, महिलांचं 1976 पासून. हे तपासायला फॉरवर्ड करण्याइतकाच वेळ लागतो.

आता गल्ली लीग. सेहा म्हणजे साउथ ईस्ट हँडबॉल असोसिएशन, 2011 साली सुरू झालेली. फुटलेल्या युगोस्लाव्हियातले देश एकेकटे लहान. घरच्या लीगमध्ये दोन-तीन क्लब तगडे, बाकीच्यांना पंधरा गोलांनी धुवायचं आणि घरी यायचं. त्यात कुणाची तयारी होणार? म्हणून या क्लबांनी सीमा ओलांडून एकमेकांशी खेळायचं ठरवलं. झाग्रेबसारखा क्लब मग क्रोएशियाच्या लीगमध्ये थेट शेवटच्या टप्प्यात उतरायचा. बाहेरून हंगेरीचा वेस्प्रेम आला, स्लोव्हाकियाचा प्रेशोव, बेलारूसमधल्या ब्रेस्टचा मेश्कोव. (बेलारूस आग्नेय युरोपात कधीपासून, हे मलाही कळलेलं नाही.)

या गल्लीतली पोरं बाहेर काय करत होती, ते त्याच 2016-17 च्या मोसमात बघा. चॅम्पियन्स लीग ही युरोपातली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. तिचे शेवटचे चार संघ जून 2017 मध्ये जर्मनीत, कलोनला जमले: बार्सिलोना, पॅरिस सेंट जर्मेन, वेस्प्रेम आणि वार्दार. चारातले दोन सेहाचे! उपांत्य फेरीत वार्दारने बार्सिलोनाला 26-25 असं काढलं. 4 जूनला अंतिम सामना पॅरिसशी. त्या संघात एकेक नावाजलेला खेळाडू: निकोला काराबातिच, मिकेल हान्सन, गोलात थिएरी ओमेये. 23-23 अशी बरोबरी, घड्याळात सेकंद उरलेले, आणि इवान चुपिचने उजव्या कडेवरून उडी मारून चेंडू आत घातला. 24-23. ज्याला गल्ली म्हणायचंय त्याने खुशाल म्हणावं. मोठ्या लीगवाल्या जर्मनीचा एकही संघ त्या चारांत नव्हता, आणि यजमान तर तेच होते.

पैशाचं म्हणाल तर हो, तेवढं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. वार्दारचा मालक सर्गेई सॅमसोनेन्को हा रशियन उद्योगपती होता, लीगच्या नावातच गाझप्रॉम ही रशियन गॅस कंपनी होती. संघात स्पॅनिश, क्रोएशियन, रशियन खेळाडू भरलेले. पुढे मालकाने हात काढून घेतल्यावर क्लबची पैशांसाठी फरफटही झाली. पण पॅरिसचा संघ काय वर्गणी काढून उभा केला होता? तिथे तर कतारचा पैसा होता. आणि हरला तोच.

आता तो खांब. खरा राग मला याचाच आला.

हँडबॉलचा गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. समोरचा गडी सहा मीटरच्या रेषेबाहेरून उडी मारतो आणि हवेत असतानाच, रेषेच्या आत येऊन, चेंडू सोडतो. मोठ्या खेळाडूच्या हातून तो ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. गोलकीपरच्या हातात मोजे नाहीत, पायाला पॅड नाहीत. चेंडू पकडायचा नसतोच. हात-पाय फाकवून अंग मध्ये घालायचं असतं. तीनातला एक अडवला तरी तो दिवस चांगला गेला म्हणतात. एका संघाला तासाभरात पन्नासेक चढाया मिळतात. कलोनच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 47 गोल झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त चढाया फुकट गेल्या. सगळ्याच काही गोलकीपरने अडवल्या नाहीत, बचावही असतो. पण वार्दारच्या गोलात आर्पाद श्टेर्बिक नावाचा धिप्पाड माणूस उभा होता. त्याला खांब म्हणायची पॅरिसवाल्यांची छाती झाली नसती.

माझ्या भाच्याच्या डाव्या मांडीवर आत्ता चेंडूच्या आकाराचा निळा डाग आहे. शिवणसुद्धा उमटलीये. खांबाला असं होत नाही.

शेवटचा मुद्दा होता, ‘महाराष्ट्रात हे खेळतं कोण?’ 2023 मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला मोसम झाला, तो महाराष्ट्र आयर्नमेननी जिंकला. बास.

सकाळी हे सगळं ताईला पाठवलं. तिचं उत्तर आलं, “बरं. पोहे खाऊन गेला ग्राउंडवर. त्या डागाला काय लावू ते सांग.”