मासिक शेवटच्या पानापासून वाचावं

जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि कंपनीच्या वर्णनात त्यांचा उल्लेख नुसता 'लेदर सँडल्स' असा होता. मग महाराष्ट्रात जे पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी संघटनेचं पत्र गेलं, भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं प्राडानं मान्य केलं, मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका फेटाळली गेली, आणि डिसेंबरात लिडकॉम व लिडकर या महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करारही झाला. एवढ्या गदारोळात मागणी एकच होती: आमचं नाव घ्या. मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण लंडनमध्ये बसून फॅशनची मासिकं कामाचा भाग म्हणून वाचताना एक प्रश्न त्या वादात राहूनच गेला असं वाटतं. नाव घ्यायचं, म्हणजे नेमकं कुणाचं?

कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. जीआय राखतो ते नाव. चपलेचा आकार, तिची वेणी, तिचा अंगठा त्यात येत नाही, आणि भारतातल्या नोंदणीचा अंमल भारतापुरताच. ज्यानं 'कोल्हापुरी' हा शब्दच वापरला नाही, त्याला या कायद्यानं धरणं अवघड आहे. मग उरतं ते छापील श्रेय. ते कुणाला आणि कसं मिळतं हे कळायला फॅशन मासिकातली सगळ्यात बारीक अक्षरं वाचावी लागतात.

फोटोच्या कडेला एक ओळ असते. वस्तू, कापड, किंमत, करणाऱ्याचं नाव. 'लोकरीचा कोट, 640 पौंड, अमुक. पॉपलिनचा शर्ट, 210 पौंड, तमुक. बूट स्टायलिस्टचे स्वतःचे.' शूटच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर छायाचित्रकार, फोटोसाठी कपडे निवडणारा स्टायलिस्ट, केस, मेकअप, नखं, सेट, जागेवर टाके घालणारा शिंपी, सहायक, मॉडेल अशी सगळ्यांची नावं असतात. आणि अंकाच्या शेवटी बऱ्याच मासिकांत स्टॉकिस्टची यादी असते: अंकात ज्यांच्या वस्तू आल्या त्यांची नावं आणि वेबसाइट, वर्णानुक्रमानं.

नवा डिझायनर शोधायचा असेल तर या यादीपासून सुरुवात करावी. ओळखीची नावं खोडून टाकावीत. उरलेल्या दहा-पंधरा नावांमागे अंकात उलटं जायचं आणि कोणती वस्तू, कोणत्या शूटमध्ये, कोणत्या स्टायलिस्टनं घेतली ते लिहून ठेवायचं. स्टायलिस्टचं नाव फार कामाचं आहे, कारण नवा माणूस सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. 1992 मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्सच्या पदवी शोमधून अलेक्झांडर मॅक्वीनचं अख्खं कलेक्शन इझाबेला ब्लो या स्टायलिस्टनं पाच हजार पौंडांना, तेही हप्त्यांनी, विकत घेतलं. तेव्हा मॅक्वीनला फारसं कुणी ओळखत नव्हतं.

एका महिन्यात एकच नाव तीन मासिकांत, आणि तिन्हीकडे तोच ड्रेस दिसला, तर समजावं की ब्रँडच्या प्रेस ऑफिसनं, म्हणजे प्रसिद्धी विभागानं, जोर लावला आहे. तेच नाव सहा महिन्यांत वेगवेगळ्या स्टायलिस्टांच्या हातून, वेगवेगळ्या वस्तूंसाठी आलं, तर त्या कामात दम आहे. यासाठी मार्च आणि सप्टेंबरचे जाडजूड अंक तेवढे उपयोगी नाहीत. ते हंगामाचे अंक, जाहिराती त्यांत सर्वांत जास्त, आणि जाहिरातदाराला फोटोत जागा द्यावीच लागते. मधल्या महिन्यांचे अंक आणि 'आय-डी', 'डेझ्ड' यांसारखी लहान मासिकं यांत नवी नावं अधिक सापडतात. अंक विकत घ्यायचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर लिबी किंवा प्रेसरीडर या अ‍ॅपवरून मासिकं फुकट वाचता येतात. फक्त पान पूर्ण दिसेल अशा रूपात वाचा. नुसता मजकूर दाखवणाऱ्या रूपात क्रेडिटच्या ओळी कधी कधी गळतात.

नाव सापडलं म्हणजे कपडा अंगावर बसेल असं नाही. शूटमधला ड्रेस एकुलता एक सॅम्पल असतो, साधारण ब्रिटिश 8 मापाचा, आणि पाठीमागे चिमट्यांनी आवळलेला. समोरून कंबर जी सुबक दिसते ती त्या चिमट्यांमुळे. पुष्कळदा अस्तर नसतं. स्टुडिओच्या प्रकाशात मरून लाल दिसतो आणि मोरपंखी निळा. 'किंमत विचारून' असं लिहिलं असेल तर बरेचदा ती वस्तू उत्पादनात गेलेलीच नसते. लहान डिझायनर ऑर्डर आल्यावर शिवतो, चार ते आठ आठवडे लागतात. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: तयार कपड्याची छाती, खांदा आणि उंची, कापडातल्या धाग्यांचं प्रमाण, आणि परत घेणार का. ऑनलाइन खरेदीला ब्रिटनमध्ये 14 दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो, पण तुमच्या मापानं शिवलेल्या कपड्याला तो लागू होत नाही.

फोटोतून स्वतःसाठी काय घ्यायचं, याचंही थोडं शिस्तीनं पाहावं. पूर्ण पोशाख उचलू नये. मोठ्या ब्रँडची अट असते की त्यांचा लुक डोक्यापासून पायापर्यंत तसाच दाखवा, त्यामुळे असल्या फोटोत स्टायलिस्टची अक्कल कमी आणि दुकानाची मांडणी जास्त असते. जिथे क्रेडिटमध्ये पाच वेगवेगळी नावं आहेत तो फोटो घ्यावा आणि त्यातलं एकच प्रमाण उचलावं. उदाहरणार्थ, लांब कोटाखाली रुंद पायघोळ. इथल्या थंडीत साडीवर हेच प्रमाण लागू पडतं: कोट एकतर कमरेशी संपावा नाहीतर घोट्याजवळ. पोटरीच्या मध्यावर संपला तर निऱ्यांची रेघ तुटते. खांदा रॅग्लन, म्हणजे बाही थेट गळ्यापासून निघणारा, असावा, म्हणजे पदराची जाडी आत मावते. अस्तर गुळगुळीत हवं, कारण ट्वीडच्या खरखरीत पोतात साडीची जर अडकते आणि एका संध्याकाळीत काठाचे धागे निघतात.

आता परदेशातली मासिकं म्हणजे न्यायाचा नमुना, असं अजिबात म्हणायचं नाही. मुंबईतल्या लहान डिझायनरला इथल्या शूटमध्ये शिरणं फार कठीण आहे, आणि कारण गुणवत्तेचं नाही. स्टायलिस्टला सॅम्पल परवा सकाळी हवं असतं. लंडनमध्ये प्रेस ऑफिस असलेला ब्रँड ते दोन तासांत पाठवतो. मुंबईहून ते कुरिअरनं निघतं, कस्टम्समध्ये थांबतं, परत जाताना पुन्हा कागदपत्रं होतात, आणि तोवर दुसरं शूट हुकतं. डिझायनर सुप्रिया लेले हे मराठी आडनाव ब्रिटिश मासिकांत पोहोचलं, तरुण डिझायनरांसाठीच्या एलव्हीएमएच पारितोषिकाच्या 2020 च्या शेवटच्या आठ जणांत आलं, त्यामागे तिच्या कामाची ताकद आहेच. साडीच्या नेसणीतून आलेले तिचे पारदर्शक, तिरके कापडाचे पदर लांबूनही ओळखता येतात. पण रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, मग नवोदितांना रॅम्प देणारी फॅशन ईस्ट, मग ब्रिटिश फॅशन कौन्सिलची नवोदितांसाठीची न्यूजेन योजना, ही सगळी शिडी तिला लंडनमध्येच मिळाली. येवल्यातल्या पैठणीच्या किंवा कर्नाटकात गुळेदगुड्डमधल्या खणाच्या विणकराला ती शिडी नाही.

आणि इथेच मला घरच्या वादाबद्दल बोलायचं आहे. त्या शिडीची पहिली पायरी मिलानमध्ये नाही, आपल्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आहे. 1909 च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही परंपरा, जगात फारशा भाषांना नाही अशी. मुखपृष्ठावर पैठणी, नथ, पणती. आत छायाचित्रकार, अभिनेत्री, मेकअप यांची नावं, आणि साडी व दागिने ज्या दुकानांचे त्यांची नावं. चांगलंच आहे. पण साडी कुणी विणली, कुठे, हातमागावर की यंत्रमागावर, हे बहुधा नसतं. खणाचं जाकीट कुणी बेतलं तेही नसतं. म्हणजे ज्या श्रेयासाठी आपण प्राडाकडे बोट दाखवलं, ते आपल्या छापखान्यातही पानाबाहेरच राहतं.

एका ओळीचं काम आहे. 'पैठणी, रेशीम व जर, हातमाग, विणकर अमुक, येवले. जाकीट, गुळेदगुड्डचा खण, शिवण तमुक, पुणे. चप्पल, कापशी, करणारा अमुक, कोल्हापूर.' खालोखाल किंमत. हातमाग लिहिण्याआधी पदर उलटून बघावा: हाताच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे लोंबणारे धागे असतील तर ते बहुधा यंत्रमागाचं काम. मूळ नाव माहीत नसेल तर दुकानदाराला विचारावं, आणि शूटच्या आधी विचारावं. अंक छपाईला गेल्यावर कुणालाच आठवत नाही. शेवटी अर्ध्या पानाची यादी, विणकराच्या संमतीनं फोन क्रमांकासह.

यावर दुकानदारांचा आक्षेप असतो की विणकराचं नाव छापलं तर गिऱ्हाईक थेट तिकडे जाईल. भीती खोटी नाही, पण यावर इथे तोडगा निघालेला आहे. ब्रिटिश मासिकात अनेकदा ओळ अशी असते: करणाऱ्याचं नाव, आणि पुढे 'अमुक दुकानात उपलब्ध'. दोघंही छापले जातात. दुकान विणकराला आगाऊ पैसे देतं, माल साठवतं, परत आलेली साडी स्वीकारतं, आणि गिऱ्हाईक त्या सोयीसाठी दुकानातच येतं. ज्याला लग्नाआधी आठ दिवसांत सहा पैठण्या हव्यात, तो येवल्यात एका मागासमोर थांबणार नाही. ज्याला एकच साडी, आपल्या रंगात, चार महिने थांबून विणून घ्यायची आहे, तो त्या दुकानाचा गिऱ्हाईक आजही नाही.