चित्रं आली म्हणून पुस्तक पोरकट होत नाही

सोलापुरातल्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: मोठी माणसं हल्ली ग्राफिक कादंबऱ्या, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या लांब गोष्टी, वाचतात, ही वाचनाची घसरण आहे. चित्रकथा मुलांसाठी असतात, आयत्या चित्रांनी कल्पनाशक्ती मरते, गंभीर विषय त्यांत मावत नाहीत, पुस्तक तासाभरात संपतं नि किंमत मात्र दणदणीत, आणि मुळात हे फॅडच परदेशी. चांगल्या वाचणाऱ्या मंडळींनीही तो पुढे ढकललाय, म्हणून हे उत्तर.

'मुलांसाठी' हा मुद्दा लवकर निकालात निघतो. आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' म्हणजे ऑश्वित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेल्या त्यांच्या वडिलांची चित्रांतली हकिकत. १९९२ मध्ये त्याला अमेरिकेतल्या प्रतिष्ठेच्या पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या एका काउंटीच्या शाळा मंडळाने ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं; शिव्या आणि नग्नता ही कारणं दिली. तिथे तक्रार अशी की हे पोरांना दाखवू नये. आपल्याकडे अशी की हे पोरांचंच आहे. दोघांनी एकदा आपसात ठरवून घ्यावं.

कल्पनाशक्तीचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण तो वरवर पटतो. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसरीत रिकामी खुर्ची. मधलं जे घडलं ते कुणीच काढलेलं नाही. ते वाचणाऱ्याने घडवायचं असतं, आणि ज्याने आयुष्य जास्त पाहिलंय तो ते जास्त घडवतो. शिवाय चित्राला दोन काळ एकत्र ठेवता येतात. 'माउस'मध्ये म्हातारे वडील, मुलगा आणि सून मोटारीने जंगलातल्या रस्त्याने चाललेत, ऑश्वित्झमधल्या बंडात फाशी गेलेल्या चार मुलींची गोष्ट निघते, आणि त्याच चौकटीत झाडांवरून पाय लोंबताना दिसतात. गाडी अमेरिकेत, पाय पोलंडातले. गद्यात इथे 'त्यांना आठवलं' असं काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि सगळी धार गेली असती.

आणि चित्र वाचणं सोपं असतं हे निदान आपल्या गावात तरी कुणी म्हणू नये. जेकार्ड चादरीची नक्षी आधी चौकटीच्या ग्राफ कागदावर उतरते, त्यावरून कार्डांना भोकं पडतात आणि त्या भोकांवर धागा वर जायचा की खाली राहायचा हे ठरतं. हा कागद वाचायला शिकण्यात माणसांची उमेदीची वर्षं गेली आहेत.

'गंभीर विषय मावत नाहीत' म्हणणाऱ्यांनी २०११ चं 'भीमायन' उघडावं. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रं. १९०१ मधला बाळ भीमाचा, म्हणजे लहानग्या डॉ. आंबेडकरांचा, मसूर स्टेशनपासून गोरेगावचा प्रवास त्यात आहे: जात कळल्यावर बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं घेऊनही मुलांनाच गाडी हाकायला लावणारा गाडीवान, आणि तहान. व्याम दांपत्याने माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. साधं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या संवादाच्या फुग्यात येतं, जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. कोण कसं बोललं हे सांगायला विशेषण लागतच नाही. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून लहानपणी बचावलेले जपानी चित्रकार केइजी नाकाझावा यांनीही तो बॉम्ब चित्रांतूनच सांगितला.

किंमत? ती जास्त आहे, वाद नाही. त्यावर इलाज वाचनालयाचा: एक कपाट राखा. तासाभरात संपतं हेही कधीकधी खरं. कविता तर दोन मिनिटांत संपते. आणि या प्रकारात टाकाऊ माल भरपूर आहे, तसा तो कादंबरीतही आहे.

राहिलं परदेशीपण. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींनी रामायण-महाभारताच्या पोथ्यांमधली चित्रं एकेक करून दाखवत, वाद्यांच्या साथीने गोष्टी सांगितल्या. समोर बसलेल्यांत फक्त पोरंटोरं नसत. ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये नर्मदेच्या धरणाचा प्रश्न चित्रकथेत मांडला. हा प्रकार कमी पडतो तो मराठीत, आणि मेसेजवाल्यांना चिडायचंच असेल तर त्यावर चिडावं. मे १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ घ्या. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा घ्या. गिरण्या, भोंगे, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू बोलणारी गर्दी, रस्त्यावर उतरलेलं लष्कर. चार भाषांच्या गर्दीला चार वळणांचे फुगे देता येतील. चित्रकार सोलापूरचाच हवा असंही नाही, फक्त त्याला इथल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी चार दिवस उभं करायला हवं.