वीजबिलावरच्या कराला माझं मत ‘हो’, पण मुदत घाला

निवडणुकीचं वर्ष आलं की कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या कुठल्यातरी शहराच्या मतपत्रिकेवर युटिलिटी टॅक्सचं, म्हणजे वीज-गॅस-फोनसारख्या बिलांवर शहराने लावायच्या कराचं, मेझर (मतदारांनी ‘हो’ की ‘नाही’ ठरवायचा प्रस्ताव) येतं आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वादाला तोंड फुटतं. एक म्हणतो, ‘आधीच पीजीअँडईचं (इथली वीज-गॅस कंपनी) बिल बघवत नाही, वर आणखी कर?’ दुसरा म्हणतो, ‘मग खड्डे कोण बुजवणार?’ मी दुसऱ्याच्या बाजूचा. पण माझी एक अट आहे.

शहरांची अडचण खरी आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन १३ या कायद्याने घरपट्टी १ टक्क्यावर आणि घराच्या करपात्र किमतीची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधून टाकली. वीज, गॅस, पाणी, फोन यांच्या बिलांवरच्या कराला मात्र अशी मर्यादा नाही, म्हणून शहरं तिकडे वळतात. सॅन होजेत वीज, गॅस आणि पाण्यावर ५ टक्के कर आहे, ओकलंड आणि बर्कलीत वीज आणि गॅसवर साडेसात.

आता मेझरचा मजकूर नीट वाचा. ‘पोलीस, अग्निशमन, उद्यानं, लायब्ररी यांसारख्या सेवांसाठी’. यातला ‘यांसारख्या’ महत्त्वाचा. पैसा ठरावीक कामालाच बांधला, तर तो ‘स्पेशल टॅक्स’ होतो आणि नगर परिषदेने आणलेल्या अशा कराला दोन तृतीयांश मतं लागतात. जनरल फंडात, म्हणजे शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत टाकला, तर साधं बहुमत पुरतं. म्हणून बहुतेक शहरं दुसरा रस्ता धरतात. लायब्ररीचं नाव दिसलं म्हणून लायब्ररीलाच पैसे मिळतील याची कायदेशीर हमी नसते. ही फसवणूक नाही म्हणा, पण चलाखी आहेच.

माझा खरा आक्षेप मेझरमधल्या ‘मतदार रद्द करेपर्यंत’ (कर चालू राहील) या शब्दांना आहे. कर टक्क्यांत असतो. विजेचे दर चढले की शहराची वसुलीही चढते, पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. आणि वीज काही चैन नाही; एका खोलीत चौघं राहणाऱ्यांनाही फ्रिज लागतोच. म्हणून माझी अट: आठ-दहा वर्षांची मुदत घाला, कमी उत्पन्नाच्या घरांना सूट द्या, मी डोळे झाकून ‘हो’ म्हणेन. कर खाली आणताही येतो. लाँग बीचच्या मतदारांनी २००० साली तो टप्प्याटप्प्याने १० वरून ५ टक्क्यांवर आणला होता.

(गावाकडच्या मित्रांसाठी: महाराष्ट्रात घरगुती वीजबिलावर १६ टक्के विद्युत शुल्क असतं. त्यावर कुणी तुमचं मत मागितलं होतं का?)

आपल्यातले कितीतरी जण एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहेत. बिल भरतात, कर भरतात, मत देऊ शकत नाहीत. पण मेझर मतपत्रिकेवर जाण्याआधी नगर परिषदेत त्यावर उघड चर्चा होते, आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. दोन-तीन मिनिटं मिळतात. मुदतीचा मुद्दा मांडायला तेवढी पुरतात.